पाहुणा सारखा उठत होता

फ्रेंच लोक आंघोळ करत नाहीत, हे मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बाईने सांगितलं. म्हणून तर त्यांनी एवढी अत्तरं काढली, म्हणे. आंघोळीचा कंटाळा आणि वासाची लाज, दोन्ही एका बाटलीत भागतं. जिन्यात कचऱ्याची पिशवी हातात धरून ती हे सांगत होती आणि मी खो खो हसत होते. आज ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

जेद्दातल्या आमच्या त्या इमारतीत फ्रेंच लोकांबद्दल प्रत्येकाकडे काही ना काही माहिती होती, आणि एकाच्याही घरी कधी फ्रेंच माणूस आलेला नव्हता. समोरच्या दारातली मल्याळी नर्स सांगायची, तिच्या हॉस्पिटलात एक फ्रेंच डॉक्टर आहे, बाहेर पेशंट ताटकळत असले तरी हा जेवायला निवांत बसून राहतो. आणि आधी ‘बोंजूर’ म्हटल्याशिवाय त्याला काही विचारा, कानात बोळे घातल्यासारखा ढिम्म. मी म्हणायची, अगं बाई, केवढा हा माज! गोगलगायी खाणारे, नासलेलं चीज खाणारे, दारूशिवाय घास न गिळणारे. मोलकरणीच्या कागाळ्या कराव्यात तशा आम्ही एका अख्ख्या देशाच्या कागाळ्या करायचो.

एरवी फ्रेंच लोकांशी आमचा काय संबंध होता म्हणा! संबंध आला तो आमच्या ह्यांच्या नोकरीमुळे. आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे कोकणी मुसलमान. जेद्दाच्या उत्तरेला समुद्रालगत नवं शहर वसवत होते, तिथल्या बंदरावर क्रेनची दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीत आमचे हे फोरमन होते. पहाटे बसने जायचे, अंधार पडला की यायचे. त्यांचा साहेब फ्रेंच. रोज सकाळी तो म्हणे वर्कशॉपभर फिरून प्रत्येकाशी हात मिळवायचा, झाडूवाल्याशीसुद्धा. समोरच्याचे हात ग्रीसने बरबटलेले असले तर मनगट धरायचा, पण हात मिळवल्याशिवाय पुढे जायचा नाही. “नाटकं नुसती,” असं हे म्हणायचे. आणि बसमधले लोक फ्रेंच पुरुषांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायचे, ती सांगताना ह्यांचा आवाज खाली यायचा, कारण मुलगी घरात असायची. बायकांच्या बाबतीत ती जात भारी लघळ, घरात पाऊल टाकू देऊ नये, असं ते होतं.

आणि त्याच माणसाला आम्ही घरी जेवायला बोलावलं.

ते दिवस सौदायझेशनचे होते. बाहेरच्यांना कमी करून त्यांच्या जागी सौदी माणसं घ्यायची, असं सगळीकडे चाललं होतं. इमारतीतली दोन बिऱ्हाडं सामान विकून गावी गेलीसुद्धा. ह्यांच्या वर्कशॉपमध्ये परदेशी फोरमन दोन होते, त्यातला एकच राहणार होता. कोण राहणार ते फ्रेंच साहेबाने ठरवायचं. आमची एकुलती एक पोर दहावीला. नोकरी गेली की इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना रद्द, इकामा रद्द की एक्झिट. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर पोरीला उचलून गावाकडच्या कुठल्या शाळेत घालणार होतो? ती तर मराठीत धड दोन ओळी लिहू शकत नव्हती. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. रात्री झोपेतसुद्धा मी सामान बांधत असायची.

“त्याला जेवायला बोलवू या,” एके दिवशी हे म्हणाले. “आपलं मीठ त्याच्या पोटात गेलं की आपल्या पोटावर पाय द्यायला त्याचा पाय उचलणार नाही.”

“आणि ते लघळ-बिघळ?” मी विचारलं. मी तोंडाची फटकळ, मला राहवत नाही.

“मी आहे ना घरात,” हे म्हणाले.

शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाल्यावरचं जेवण ठरलं. मी आदल्या दिवसापासून कंबर कसली. बाल्कनीतले सुके बोंबील उतरवून तीन पिशव्यांत घट्ट बांधून टाकीमागे दडवले. घरभर ऊद फिरवला. आम्ही एरवी जेवायचो दस्तरखानावर, खाली मांडी घालून. पण साहेबाला खाली कसं बसवायचं? मल्याळी नर्सकडून टेबल मागून आणलं, त्याच्याबरोबर चार खुर्च्या आल्या. आमची खोली केवढीशी! चार खुर्च्या मांडल्या तर मला वाढायला फिरता येईना. म्हणून एक खुर्ची मी बेडरूममध्ये नेऊन ठेवली. साहेब, हे, आणि मुलगी. मुलीला बसवायचं ह्यांनीच ठरवलं होतं, कारण शाळेत तिचा फ्रेंच विषय होता आणि दोन वाक्यं बोलून दाखवली तर साहेब खूश होईल असा त्यांचा हिशेब. चौथं कोण बसणार होतं? मी ताटंही तीनच मांडली.

साहेब उशिरा आला. वेळ पाळत नाहीत, हेही आमच्या ऐकण्यात होतंच. उंच, हाडकुळा, टक्कल पडलेला माणूस, अंगात साधा पांढरा शर्ट. अंगाला साबणाचा वास येत होता, अत्तराचा नाही. हातात फुलांचा गुच्छ, आणि तो त्याने थेट माझ्यापुढे धरला. माझ्यापुढे, ह्यांच्यापुढे नाही! मी डोक्यावरची ओढणी सावरत, तापलेलं पातेलं धरावं तसा तो गुच्छ धरला आणि आत पळाले. ह्यांचा चेहरा मी ओझरता पाहिला. तो फारसा बरा नव्हता.

जेवण म्हणाल तर मी जीव ओतला होता. सुरमईचं नारळाच्या रसातलं सार, तळलेल्या तुकड्या, मटण, सांदणं, तांदळाच्या भाकऱ्या. आधी सार आणि भाकरी वाढली. वाढून आत गेले, दुसरी भाकरी घेऊन बाहेर आले, तर पाहुण्याचं ताट जसंच्या तसं. आणि मला बघताच तो खुर्ची मागे सारून उठून उभा राहिला.

मला वाटलं, बाथरूमला जायचं असेल. मी बाथरूमकडे हात केला. तो हसला, मान हलवली, तसाच उभा. मी आत गेले. फटीतून बघते तर खाली बसला होता.

आता आमच्याकडची रीत काय? पाहुण्याचं ताट हललं नाही की यजमानीणीने दुसरं काहीतरी घेऊन जायचं. सार आवडलं नसेल, तळलेली तुकडी आवडेल. मी तुकड्या घेऊन गेले, तो उठला. मटण घेऊन गेले, पुन्हा उठला. हातातला काटा-चमचा खाली, नॅपकिन खाली, आणि हा बाबा खांबासारखा उभा. “प्लीज सर, ईट, ईट,” मी म्हणत होते. तो “मादाम, मादाम” करत काहीतरी बोलत होता, माझ्या इंग्रजीला ते झेपत नव्हतं. तो खाईना म्हणून मी जायची, आणि मी गेले की तो उठायचा. पाहुणाच खात नाही म्हटल्यावर यजमान कसा खाणार? हे हात आवरून बसलेले. पोर खाली मान घालून बसलेली. साराचा तवंग गोठायला लागला होता आणि मला घाम फुटला होता.

मग हे स्वयंपाकघरात आले आणि दार लोटून घेतलं.

“तू आता बाहेर येऊ नकोस,” म्हणाले.

“का? काय झालं? चव बिघडली का?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ओट्याकडे बघत म्हणाले, “त्याला वास सहन होत नाही. मासळीचा. तुझ्या कपड्यांना येतोय. तू आलीस की उठतो, बघत नाहीस का?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि सगळं पटलंसुद्धा, हेच तर वाईट! मी आले की तो उठत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. अत्तरांच्या देशातला माणूस, आणि मी पहाटेपासून मासळीत कोपरापर्यंत बुडालेली. मी ओढणीचं टोक नाकाला लावलं. आला वास. एकदा यायला लागला तो मग येतच राहिला, केसांना, नखांना, भिंतींना.

ह्यांनी खालच्या दुकानातून ब्रोस्ट चिकन आणवलं. कागदाच्या डब्यातली ती कोंबडी माझ्या सांदणांच्या शेजारी ठेवली गेली. त्यातलंही पाहुण्याने दोन घास खाल्ले असतील नसतील. जाताना दारातून त्याने मुद्दाम मोठ्याने हाक दिली, “मेर्सी, मादाम!” मी फ्रिजच्या मागे भिंतीला चिकटून उभी होते. बाहेर वास जाऊ नये म्हणून श्वाससुद्धा रोखून धरला होता. या अल्ला, एका बाईने स्वतःच्या घरात असं उभं राहावं!

तो गेल्यावर मी सगळी मासळी पिशवीत भरून कचऱ्यात टाकली, अन्न टाकू नये हे कळत असूनही. मग फिनेलने फरशी पुसली. त्या दिवसापासून माझ्या घरात मासळी शिजली नाही. टाकीमागचे बोंबील तसेच इमारतीच्या रखवालदाराला, हारिसला देऊन टाकले. दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागले. मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं की इतर बायकांपासून हातभर लांब उभी राहायची. मिसरी बाई जिन्यात फ्रेंचांच्या आंघोळीचा विषय काढायची, तेव्हा मला काम आठवायचं.

आणि हे? मासळीशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस गपचूप डाळ-भात खात होता. एकदाही म्हणाले नाहीत, अगं, सुरमई आण. मला वाटायचं, माझी लाज कळतेय बिचाऱ्यांना. मनातून मी त्यांना दुवा देत होते.

काही दिवसांनी हे हातात बसबूशा मिठाईचा डबा घेऊन आले. “खलास! मी राहिलो. मुलीची परीक्षा होईपर्यंत तर नक्की,” म्हणाले. साहेबाने ह्यांचंच नाव पुढे केलं होतं.

मी रडले. मग विचारलं, “आपल्याकडे एवढं सगळं झालं, तरीही?”

“तो काम बघतो,” हे म्हणाले आणि टीव्ही लावला.

मला वाटलं, माणूस न्यायाचा आहे. नाकाचा नाजूक, पण न्यायाचा. फ्रेंचांबद्दल माझ्याकडे आणखी एक माहिती जमा झाली.

परीक्षा जवळ आली. एका दुपारी मी खाली बसून तांदूळ निवडत होते आणि मुलगी पलंगावर फ्रेंचचा धडा घोकत होती. तिची सवय अशी, की आधी फ्रेंचमध्ये वाचायचं आणि मग हिंदीत स्वतःला समजावून सांगायचं. धडा जेवणाच्या रीतींचा होता. “जब तक घर की मालकिन खुद बैठकर खाना शुरू न करे, मेहमान शुरू नहीं करते. वो कमरे में आए, तो खड़े हो जाते हैं.”

मी हसले. “पुस्तकात लिहायला काय जातंय! आपल्याकडे आला तेव्हा कुठे गेली होती ही रीत? मला बघून पळायला उठत होता मेला.”

मुलीने पुस्तक खाली ठेवलं. “अम्मी, पळायला नाही. तुझ्यासाठी उठत होता.”

“माझ्यासाठी म्हणजे?”

“ही वॉज वेटिंग फॉर यू. तू बसशील, मग खाईन, म्हणून. त्याने पप्पांना किती वेळा सांगितलं. पप्पा आधी म्हणाले, शी इज शाय. मग म्हणाले, तिचं जेवण झालं. मग त्याने विचारलं, अजून एक चेअर नाही का? तर पप्पा म्हणाले, नाही.”

“नाही म्हणाले?”

“मी माझी चेअर द्यायला उठले, तर पप्पांनी डोळे वटारले. मला वाटलं तुला माहितेय सगळं.”

“आणि वास?” मी विचारलं. “मासळीचा वास? तो काय म्हणाला वासाबद्दल?”

“कसला वास?” पोर माझ्याकडे बघतच राहिली. “स्मेल का तो उसने कुछ बोला ही नहीं.”

माझ्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ फरशीभर झाले. चौथी खुर्ची बेडरूममध्ये माझ्या पलंगाशेजारी होती. मीच ठेवली होती.

हे संध्याकाळी आले. त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही. दारातच विचारलं, “माझ्या अंगाला वास येत होता?”

त्यांना क्षणात कळलं. डबा खाली ठेवला, बूट तसेच पायात. आधी आवाज चढवून पाहिला. “तो सारखा मादाम मादाम करत होता! मादामला बोलवा, मादामला बसवा. माझं डोकंच सटकलं. सगळे सांगतात ना ही माणसं कशी असतात ते. माझ्या घरात येऊन माझ्या बायकोला शेजारी बसव म्हणतो!”

“मग त्याला नाही म्हणायचं होतं. मला वास येतो असं कशाला सांगितलंत?”

त्यांनी डबा उचलून पुन्हा खाली ठेवला.

“अहो, मी विचारतेय.”

“तू सारखी बाहेर येत होतीस,” शेवटी ते म्हणाले, अगदी हळू. “आणि तो सारखा उठत होता. तुझ्यासाठी कुणी उठतंय, ते मला बघवेना. तोंडात आलं ते बोलून गेलो. मग तू मासळीच बंद केलीस. मग कसं सांगणार?”

मी त्यांना फाडून खायला हवं होतं. तेवढी जीभ मला आहे. पण मला त्यांची लाज वाटली आणि त्याहून जास्त माझी वाटली. ह्यांनी त्याचं ऐकून मला बोलावलं असतं, तरी मी बसले असते का? नसते. हात जोडून, ओढणी ओढून म्हटलं असतं, नको नको, तुम्ही जेवा, मी मागून जेवते. लग्न झाल्यापासून मी मागूनच जेवत आलेय. खुर्ची उचलून आत नेली तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

“बोलवा त्याला परत,” मी म्हणाले. “मी बसते. तुमच्या शेजारी, पोरीच्या शेजारी, कुठेही बसते. पण त्याला एकदा नीट जेवू घालते.”

ह्यांनी मान खाली घातली. “गेला तो. त्याच्याही जागेवर सौदी आला. मागच्या आठवड्यात त्याने सगळ्यांशी हात मिळवले आणि गेला.”

“काही म्हणाला?”

बराच वेळ ते बूट सोडत बसले. “म्हणाला, त्या दिवशी माझ्यामुळे मादामला त्रास झाला. माझी माफी पोचव.”

ती माफी आठवडाभर ह्यांच्या खिशात पडून होती.

आम्ही त्या लोकांबद्दल किती काय काय बोललो! त्यांची आंघोळ काढली, त्यांची दारू काढली, बायकांवरून त्यांना बदनाम केलं, आणि त्यातलं आमचं पाहिलेलं काहीच नव्हतं. आता तो आपल्या गावी आपल्या टेबलावर बसला असेल. त्याची बायको घास उचलेपर्यंत सगळे थांबले असतील, आणि कुणीतरी विचारेल, ती माणसं कशी होती रे? तो सांगेल, एका घरी गेलो होतो. जिने रांधलं, तिला त्या घरात बसायला खुर्ची नव्हती. आणि त्याने हे पाहिलेलं आहे. मी त्याला कसं सांगू की असं नाही? तसंच होतं.

पुढच्या शुक्रवारी मी सुरमई आणली. तेच सार केलं. दस्तरखान अंथरला, तीन ताटं मांडली, सगळं एकदम बाहेर आणून ठेवलं आणि डोक्यावरची ओढणी नीट करून मीही खाली बसले. हे आणि मुलगी माझ्याकडे बघत थांबले. दोघांचेही हात मांडीवर. ह्यांनी साराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पण ताटाला हात लावला नाही.

माझा हात काही उचलेना. दोनदा मी मीठ आणायला म्हणून अर्धी उठले आणि दोन्ही वेळा ह्यांनी आधीच उठून मीठ आणलं. मला रडूही येत होतं आणि पोरीसमोर रडायचं नव्हतं. मी पहिला घास तोंडात घातला तेव्हा सार पार निवलं होतं.